रंगमंचावरच्या पाटलाचा घरासाठी अर्ज

१७ मार्च, सोमवार

होळी आटोपली. नाटकांचा सीझन संपला. यंदा माझे एकतीस प्रयोग झाले. मागच्या साली अठ्ठावन्न होते. कमी झाले ते बरंच झालं, घसा टिकला. कंपनीचा मालक म्हणतो लोकांना आता नवीन पोरं पाहिजेत, गाण्यावर कंबर हलवणारी. लोक म्हणजे कोण? मांडवात शेंगा फोडत बसणारे. त्यांना अभिनय काय कळतो, कपाळ! बावीस वर्षं मी अख्ख्या झाडीपट्टीत पाटील आहे. कधी पाटील, कधी सावकार, एकदा ठाणेदार. गरिबाचा रोल मी घेतला नाही. चेहराच तसा नाही.

आजपासून खर्रा बंद, तंबाखू-सुपारीला हात नाही. रोज सकाळी आवाजाचा रियाज. आणि ही वही. प्रॉम्प्टरची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती. कोणाला दाखवायची नाही. दाखवण्यालायक माणूस या गावात आहे कोण?

सायंकाळी घरमालक नानाजी आला. म्हणे, गुणवंतभाऊ, पोराचं, पियुषचं, लगन जमलं, मले खोली लागते, मिरगाच्या आत खाली करून द्या. त्याच्या राइस मिलच्या मागची ही टिनाची खोली, जिथं ताटात भाताबरोबर कोंडा फुकट मिळतो, ती याला सुनेसाठी पाहिजे. आवड बघा लोकांची! मी नुसती डावी भुवई वर केली. लगेच गेला. घाबरला असावा.

१८ मार्च, मंगळवार. दुपार

सुगंधा शाळेतून आली. (माझी पत्नी. शाळेत पोरांची खिचडी शिजवते, तिचा वेळ जावा म्हणून. उरलेल्या वेळात ब्लाऊज शिवते, तोही छंदच.) बातमी आणली. तळ्याच्या मागं नगरपरिषदेनं ज्या बिल्डिंगी बांधल्या, तिथली दीड-दीड खोलीची घरं कमी भाड्यानं देणार आहेत. ज्याला स्वतःचं घर नाही त्याला. गृहनिर्माण कक्षात फॉर्म सुटले. समोरच्या खोलीतली गिरजाबाई फॉर्म घेऊनही आली. बाजारात भाजी विकते आणि गावभर बातम्या.

मी म्हटलं, त्या योजनेत घेणाऱ्याला लाभार्थी म्हणतात. मी लाभार्थी? सुगंधा म्हणाली, चोवीस वर्षांत ही अकरावी खोली हाय जी. मोठी भांडी मी पोत्यातून काढलीच नाई, काढून पुन्हा बांधाची कायले. मले दाराच्या आत एक नळ पाहिजे. बाकी काई मागत नाई तुमाले.

मी म्हटलं, करतो. त्यात काय मोठं! फॉर्मवर माझं नाव वाचलं की साहेब स्वतः किल्ली घेऊन येईल.

२० मार्च, गुरुवार

रियाज सुरू केला. मिलवरचे हमाल खिडकीत जमा झाले. एकानं विचारलं, काका, पोट दुखून राह्यलं का? या लोकांत राहायचं.

खर्रा एकच. घसा मोकळा करायला लागतो. त्याला खाणं म्हणत नाहीत.

२४ मार्च, सोमवार

गृहनिर्माण कक्ष. रांग पार सायकल स्टँडपर्यंत. सगळे गरजू. पायात स्लीपर, हातात पिशवी, पिशवीत आधार कार्ड. मी रांगेत उभा राहिलो नाही. खिडकीच्या बाजूला, उजेडात, चेहऱ्याची उजवी बाजू दिसेल असा उभा राहिलो. पोस्टरवर तीच असते.

आत राजदीप नावाचा कम्प्युटरवाला. पोरगाच. मान वर न करता म्हणाला, काका, टोकन घ्या. टोकन! माझा नंबर त्रेसष्ट. मी म्हटलं, तू मला ओळखलं नाहीस? तो म्हणाला, आधार दिलं की ओळखतो.

माझी पाळी आली तर फॉर्ममध्ये व्यवसायाचा रकाना. मजुरी, फेरीवाला, नोकरी, घरकाम, बेकार, इतर. मी म्हटलं, कलावंत लिही. म्हणे, यादीत नाई काका, इतर टाकतो. मी म्हटलं, इतर म्हणजे कोण? तो म्हणाला, म्हणजे बाकीचे. मागून एका बाईनं ओरडून सांगितलं, टाक रे बापा इतर, ऊन चढून राह्यलं.

कागद कमी पडले. घरमालकाचं पत्र पाहिजे, की हा माणूस आपल्याकडं भाड्यानं राहतो. उद्या आणतो म्हटलं. नानाजीची काय हिंमत!

२८ मार्च, शुक्रवार

नानाजीची हिंमत आहे. म्हणाला, लिहून देलं तं तुम्ही खोलीवर हक्क सांगान. मी त्याला पाटलाचा संवाद ऐकवला, दुसऱ्या अंकातला, ज्यावर टाळ्या पडतात. त्यानं मिल सुरू केली. मिलच्या आवाजात कोणाचाच संवाद ऐकू जात नाही.

सायंकाळी सुगंधानं पत्र आणलं. नानाजीच्या होणाऱ्या सुनेचे चार ब्लाऊज फुकट शिवून देते म्हणाली. मला माहीत आहे खरं कारण. संवादाचा परिणाम उशिरा होतो.

२ एप्रिल, बुधवार

फॉर्म भरला. राजदीपनं पावती दिली आणि सांगितलं की आता खुशबू मॅडम घरी येऊन पाहणी करतील. सिरोंच्याकडच्या आहेत, नवीन लागल्या. छप्पर पाहतील, पाणी पाहतील, कमावणारं कोण ते पाहतील, आणि गुण देतील. जितकी गरज जास्त तितके गुण जास्त.

गुण!

हे आधी काऊन नाही सांगितलं? म्हणजे ही तर स्पर्धा आहे. आणि स्पर्धा कोणाशी? त्या सायकल स्टँडपर्यंतच्या लोकांशी. त्यांना गरिबी दाखवता येते का? नुसते उभे राहतात. हातवारे नाहीत, आवाजात कंप नाही. मी घरी येताना एक खर्रा घेतला, आनंदाचा होता.

३ एप्रिल, गुरुवार. सकाळ

ज्यानं बावीस वर्षं पाटील उभा केला त्याला गरीब काय जड आहे? गरीब म्हणजे पाटीलच, फक्त वाकलेला.

पण ही खोली नेपथ्य म्हणून बेकार आहे. कूलर आहे. दिवाण आहे. गॅस आहे. शिलाई मशीन तर दारातच. अशानं कोण गुण देईल? सगळं हलवावं लागेल.

८ एप्रिल, मंगळवार

तालीम. सुगंधाला तिचा रोल समजावून सांगितला. कोपऱ्यात बसायचं, पदर डोळ्यांना, मधूनमधून हुंदका. ती म्हणाली, आपण हाओ तसेच दिसलो तं काय बिघडते? हाओ तसेच दिसायला नट कशाला लागतो!

म्हणाली, मी त्या दिवशी शाळेत जाईन, मले नाई जमत. ठीक. एकपात्री करीन. तसाही तिचा आवाज मागच्या रांगेत पोचला नसता.

१६ एप्रिल, बुधवार

मॅडम उद्या येणार. दिवसभर शिफ्टिंग. कूलर, दिवाण, गॅस, मशीन, डबे, कपड्यांची पेटी, सगळं समोर गिरजाबाईच्या खोलीत. ती मोहफुलं वेचून नुकतीच आली होती, म्हणाली, भाऊ, ठेवा, पण माझा बी सर्वे उद्याच हाय. मी म्हटलं, बाई, तुमच्या सर्वेत पाहण्यासारखं काय असणार?

कंपनीच्या पेटीतून भिकाऱ्याचा ड्रेस आणला. फाटकी गोधडी गॅरेजवाल्याकडून, तो त्यावर त्याचा कुत्रा झोपवतो. मातीची चूल स्वतः रचली. तीन तास लागले. सुगंधा शाळेतून आली, दारात उभी राहून रिकामी खोली पाहत राहिली. म्हटलं, कसं काय? ती म्हणाली, भात कुठी शिजवू? मला वाटतं नेपथ्य जमलं.

१७ एप्रिल, गुरुवार

प्रयोग झाला. असा प्रयोग या जिल्ह्यात झाला नसेल.

मॅडम साडेअकराला आल्या. पोरगीच आहे, डोक्याला ओढणी बांधलेली, हातात मोबाइल, घामानं डबडबलेली. मी गोधडीवर. डोळ्यांखाली काजळी. एक मोठा खोकला दिला, मिलवाल्या हमालांनी पण ऐकला असेल. मग उठायचा प्रयत्न केला आणि पडलो. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं, आतून आलं.

तिनं विचारलं, काका, तुम्ही इथंच राहता? मी म्हटलं, मॅडम, याला राहणं म्हणत असतील तर राहतो. तिनं विचारलं, स्वयंपाक कुठं करता? मी चुलीकडं बोट दाखवलं आणि हात थरथरवला. ती चुलीजवळ बसली. बोट लावलं. बोटाला ओली माती लागली. म्हणाली, काका, यात राख नाही. मी म्हटलं, दोन दिवसांपासून पेटलीच नाही मॅडम! इथं माझा आवाज फुटला. खरोखरचा.

रेशन कार्ड, लाइट बिल मागितलं. मी दोन्ही हात रिकामे करून दाखवले. (कागद पेटीत, पेटी गिरजाबाईकडं.) मी म्हटलं, गरिबाजवळ कागद कुठून असणार! तिनं कपडे कुठं आहेत विचारलं. मी म्हटलं, हेच. ती बराच वेळ माझ्याकडं पाहत होती. भारावली होती. मोबाइलमध्ये काहीतरी लिहिलं, चार फोटो काढले, आणि समोर गिरजाबाईकडं गेली.

पूर्ण गुण. पैज लावतो. ड्रेस लगेच काढला, त्यात पिसवा होत्या.

२ मे, शुक्रवार. दुपारी १२

यादी लागली.

माझं नाव अपात्रमध्ये. शेरा: "सदर खोलीत कोणाचेही वास्तव्य आढळले नाही. उपस्थित इसम अन्यत्र राहत असावा."

उपस्थित इसम!

मी तिथंच मोठ्यानं हसलो. तिसऱ्या अंकातलं हसणं. राजदीप म्हणाला, काका, बाजूला होऊन हसा, लोकांना यादी पाहू द्या.

त्या पोरीची चूक नाही. तिनं आयुष्यात खरा अभिनय पाहिला नसेल. मोबाइलवर वाढलेली पिढी. समोर खरं काय आणि खोटं काय, भेदच कळत नाही यांना.

त्याच दिवशी, सायंकाळ

गिरजाबाई दारात येऊन बोलली. तिचाही अर्ज नापास. शेरा: घरात दोन कूलर, दोन पलंग, दोन गॅस, शिलाई मशीन, गरज कमी. म्हणाली, भाऊ, तुमचं सामान होतं ते. मी एकटी बाई, मले कोन्त्या जन्मी दोन कूलर? सात वर्सं झाली, पाऊस आला का मी खाटेवर बसून राह्यतो, खाली पाणी. तुमच्या नाटकापायी माझं घर गेलं.

गल्ली जमा झाली. सुगंधानं तिला आत घेतलं, पाणी दिलं. दोघी एकमेकींजवळ बसून राहिल्या.

उपकार केला तर लोक असेच वागतात. म्हणजे, तिनं माझ्यावर केला होता. पण तरी.

५ मे, सोमवार

अपील करता येतं, पंधरा दिवसांत. लिहायला बसलो. ऊन पंचेचाळीसच्या वर, शाई वाळते. पहिलं वाक्य: "ज्या मातीनं मला घडवलं त्या मातीतच मला दीड खोली नाकारली जावी, यापरते दुर्दैव ते कोणते?" वाचून मलाच गहिवरलं. नऊ पानं झाली.

९ मे, शुक्रवार

राजदीप म्हणाला, काका, अपील एका पानात पाहिजे. मी म्हटलं, मी नाटकवाला आहे, तलाठी नाही. नऊ पानं दिली. त्यानं पहिलं पान ठेवलं, बाकीची आठ स्टेपलरची पिन काढून परत दिली.

बाहेर पडताना गिरजाबाई आत जाताना दिसली. माझ्याशी बोलली नाही. बाजारातून सरळ आली होती, डोक्यावर टोपलीच होती. खिडकीशी उभं राहून राजदीपला सगळं सांगत होती, हातवाऱ्यांसह. लोक हसत होते. मी थांबलो नाही. मात्र बाईचा आवाज बाहेर सायकल स्टँडपर्यंत येत होता, हे कबूल केलं पाहिजे.

१९ मे, सोमवार

काहीच कळलं नाही. नानाजी रोज येतो. खोलीची मापं घेऊन गेला, माझ्या डोक्यावरून टेप धरून. मी वाचत बसलो होतो, तो म्हणाला, भाऊ, मान वाकवा जराशीक.

सुगंधानं आरमोरीच्या भावाला फोन केला. तो म्हणतो, पडवीत राहा, पावसाळ्यापुरतं. खताच्या दुकानात पोती मोजणारा माणूस मला पडवी देतो! मी म्हटलं, मी त्या पडवीत पाय ठेवणार नाही. ती म्हणाली, मग कुठी ठेवाल?

प्रश्नच चुकीचा होता.

लग्नसराईचे ब्लाऊज आहेत तिच्याकडं. आज एकच बाही तीनदा उसवली. मग मशीनवर डोकं ठेवून बसली, बराच वेळ. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, कांदा ठेव. तिनं मान वर केली नाही. खर्रा आणायला गेलो आणि दुकान बंद होतं. सगळे तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेत.

२७ मे, मंगळवार. रात्र

घोर अन्याय. खुशबू मॅडम येऊन गेली. फेरपाहणी. न सांगता!

मी झोपलो होतो. बनियनवर, तोंड उघडं असणार, मला माहीत आहे माझं. दिवाणाचा एक पाय तुटलेला, त्याखाली विटा. कूलरमध्ये पाणी नाही, कारण बोअर बंद आहे. सुगंधा मशीनवर. मी जागा झालो तेव्हा ती पोरगी दारातून निघत होती. मी म्हटलं, मॅडम, थांबा! ती म्हणाली, झालं काका, झोपा.

सुगंधाला विचारलं, किती वेळ होती? दहा मिनिटं. काय विचारलं? चार गोष्टी विचारल्या. तू काय सांगितलं? ती म्हणाली, जे हाय ते.

संपलं. दहा मिनिटांत माझ्यासारख्या माणसाचं कोणाला काय कळणार? मला उठवलं असतं तर नुसत्या डोळ्यांनी अर्धे गुण आणले असते. हिला एवढी अक्कल असती तर काय पाहिजे होतं. सायंकाळपासून सामान बांधणं सुरू. मी पोती धरतो, ती बांधते.

२ जून, सोमवार

गिरजाबाई बाजारातून धावत आली. टोपली कुठं टाकली कोण जाणे. ओरडत होती, सुगंधाबाई ओ, आलं, आपलं दोघींचं बी आलं!

मी शर्ट घातला आणि कक्षात गेलो. खरं होतं. नवीन यादी, वरच "अत्यंत गरजू" असा मथळा. त्याखाली पहिलं नाव माझं. पहिलं! गिरजाबाई चौथी. शंभरपैकी एक्याण्णव गुण मला. दुसऱ्या नंबरला चौऱ्याऐंशी.

राजदीपला विचारलं, हे एक्याण्णव कशाचे? तो म्हणाला, टिनाचं छप्पर, सामाईक संडास, बाहेरून पाणी, खोली खाली करायची नोटीस, उत्पन्न. फोटोपण चांगले आलेत काका. मी म्हटलं, कोणता फोटो? त्यानं स्क्रीन फिरवली. मी झोपलेला. विटांवरचा दिवाण. बनियनला दोन भोकं. मागं मशीनवर वाकलेली सुगंधा.

हा प्रयोग नव्हता. मी काहीच केलं नव्हतं यात.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहीत नाही. सुगंधानं गिरजाबाईच्या हातावर साखर ठेवली, माझ्याही ठेवली. एवढी हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल, लक्षात नाही.

४ जून, बुधवार. सकाळी ११

सुगंधाला घेऊन कक्षात. किल्लीआधी पाहणीच्या कागदावर अर्जदाराची सही लागते. राजदीपनं कागद समोर सरकवला. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं: "कमावती व्यक्ती: पत्नी. अर्जदार वर्षातील बहुतांश काळ बेकार. कुटुंब पूर्णपणे पत्नीच्या उत्पन्नावर अवलंबून." त्याखाली छापील: "वरील माहिती मला वाचून दाखवली असून ती खरी आहे."

मी म्हटलं, हे बदल. कलावंत लिही. हंगामी लिही. तिच्या शिलाईचं काय एवढं, तो तिचा... मीच थांबलो. राजदीप म्हणाला, काका, बदल करायचा तर पुन्हा पाहणी, आणि किल्ली वेटिंगच्या पहिल्या माणसाला. सायंकाळपर्यंत सही द्या.

मागं रांग होती. सुगंधा बाजूच्या बाकावर बसली होती. बोटाच्या टोकाला सुई लागून लागून काळं झालेलं, त्या बोटानं पिशवीचा बंद गुंडाळत होती. कागदावर काय लिहिलं ते तिला ठाऊक होतं, तिनंच सांगितलेलं. माझ्याकडं पाहत नव्हती. मला लाज वाटली. कागदाची नाही.

राजदीप म्हणाला, नियम हाय काका, तुमाले वाचून दाखवावं लागते. आणि त्यानं घसा खाकरला.

मी म्हटलं, वाचू नोको बापा, मले माहीत हाय. सही केली.